उद्यानाची नीती

हुगळीच्या पश्चिम तीरावर, कोलकात्याच्या समोर, शिबपूर येथे जे विस्तीर्ण वनस्पतिउद्यान आहे, त्याची कीर्ती मुख्यतः त्यातील महावटामुळे झालेली आहे. या वटवृक्षाचे मूळ खोड कवकाच्या रोगाने पोखरल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले; तरीही पारंब्यांच्या आधारावर ते झाड आज एखाद्या वनासारखे उभे आहे. खोड गेले आणि झाड राहिले, ही गोष्ट पाहणाऱ्याला चमत्कारासारखी वाटते. वस्तुतः त्यात चमत्कार काही नाही. वड हे मैदानातले झाड आहे. गंगेच्या गाळाची माती, बंगालचा उन्हाळा आणि बंगालचा पाऊस हे त्याचे स्वतःचे घर आहे. घरात असलेल्याला मोठा आघातही सोसता येतो.

याच्या नेमके उलट उदाहरण वृक्षनेच्याचे आहे. नेचा म्हटले की ओल्या भिंतीवर किंवा विहिरीच्या कठड्यात उगवणारी नाजूक पाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु नेच्यांच्याच वर्गात अशा काही जाती आहेत की ज्यांचे खोड चार-पाच मीटर, कधी त्याहूनही उंच वाढते आणि ज्यांच्या माथ्यावर दोन-तीन मीटर लांबीच्या पानांची छत्री उघडते. कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगेसारखे गुंडाळलेले असते आणि हळूहळू उलगडत जाते. दूरून पाहणाऱ्याला हे झाड ताडामाडाच्या कुळातले वाटते. पण त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. ज्या कुळात ते मोडते, त्याचे अवशेष ज्युरासिक कालखंडातील खडकांत सापडतात. पृथ्वीवर फुले उमलण्यापूर्वीपासून चालत आलेली ही वंशरेखा आहे.

अशी वनस्पती आपल्या बागेत असावी असे कोणाही उद्यानप्रेमी माणसाला वाटले तर त्यात नवल नाही. प्रश्न असा की, सुंदर आणि दुर्मिळ अशा सजीवाला त्याच्या घरातून उचलून आपल्या घरी आणण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो? आणि प्राप्त होत असेल, तर त्याच्या मर्यादा कोणत्या? हा प्रश्न वरवर पाहता बागकामाचा आहे. परंतु किंचित खोल गेले की तो नीतीचा होतो. कोलकात्यात तो जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका क्वचित अन्यत्र राहत असेल. कारण या शहराच्या काठावर देशातील एक अत्यंत जुने वनस्पतिउद्यान आहे आणि त्याच्या उत्तरेला दार्जिलिंगच्या डोंगरांत वृक्षनेच्यांचे प्रत्यक्ष माहेर आहे.

प्रथम हे माहेर कसे असते ते पाहिले पाहिजे. पूर्व हिमालयाच्या मधल्या उंचीवरील ओल्या उतारांवर, ईशान्येकडील डोंगरांत, सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि निलगिरीत वृक्षनेचे आढळतात. महाराष्ट्रातील वाचकाला ज्ञात असलेले आणखी एक ठिकाण म्हणजे सातपुड्यातील पचमढी. भोवतालचा सारा प्रदेश वैशाखात होरपळून निघतो; पण पचमढीच्या खोल घळींत, जेथे दुपारी घटकाभरच ऊन उतरते आणि खडकातून बारा महिने पाणी झिरपत राहते, तेथे वृक्षनेचे उभे आहेत. हिमालयापासून दूर, सह्याद्रीच्या दक्षिण टोकापासूनही दूर, ते त्या घळींना धरून राहिले आहेत. त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. वृक्षनेच्याचे घर म्हणजे नकाशावरचा एखादा प्रांत नव्हे. त्याचे घर म्हणजे घळ. सावली, ठिबकते पाणी, स्थिर हवा आणि कुजलेल्या पानांची भुसभुशीत माती या चार गोष्टी जेथे एकत्र येतात तेवढीच जागा त्याची. घळीच्या काठावर आले की त्याचे राज्य संपते.

त्याची शरीररचनाही या घराशी बांधलेली आहे. वडा-आंब्याच्या खोडासारखे त्याचे खोड वर्षागणिक लाकूड साठवून जाड होत नाही. मधला दांडा बारीक असतो आणि त्याभोवती बारीक मुळांचे दाट वेष्टन असते. तेच त्याला आधार देते आणि हवेतील ओलही धरून ठेवते. माथ्यावर वाढीचा अंकुर बहुधा एकच. तो गेला की सारे संपते; कारण भारतातील वृक्षनेचे बहुशः अशा जातींचे आहेत की ज्यांना बाजूने फुटवा येत नाही. ऑस्ट्रेलियातील एक वेगळ्या कुळाचा वृक्षनेचा असा आहे की, त्याचे खोड कापून दुसरीकडे रोवले तरी त्याला मुळे फुटतात; इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील जुन्या बागांत तो म्हणूनच रुजला. आपल्याकडील वृक्षनेच्याची गोष्ट तशी नाही. त्याचे खोड कापणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला मारणेच होय.

पुनरुत्पादनाची त्याची रीत तर याहूनही हळवी आहे. पानांच्या मागे धुळीसारखी बीजुके तयार होतात आणि वाऱ्यावर उडून जातात. एका झाडाची बीजुके असंख्य. पण त्यांपैकी ज्यांना ओली, सावलीतली जागा मिळेल तीच रुजतात. रुजल्यावर प्रथम नेचा होत नाही. नखाएवढी, हृदयाच्या आकाराची, पातळ हिरवी चकती होते. तिच्यावर नर आणि मादी अवयव येतात आणि नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन मादीपेशीला मिळते, तेव्हा कोठे खरा नेचा जन्माला येतो. पाण्याचा तो थर नसेल तर पुढची पिढी नाही. त्यानंतरही पुरुषभर उंचीला पोहोचण्यास त्याला पुष्कळ वर्षे लागतात. बाजारात मांडलेले वृक्षनेच्याचे एक खोड म्हणजे एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांइतका काळ असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या किमतीचा अर्थ बदलतो.

आता उद्यानाकडे वळू. शिबपूरचे उद्यान १७८७ साली स्थापन झाले. त्याची कल्पना मांडणारा रॉबर्ट किड हा कंपनीचा लष्करी अधिकारी होता. १७७० च्या महादुष्काळाची आठवण बंगालमध्ये तेव्हा ताजी होती. केवळ कुतूहलापोटी दुर्मिळ वनस्पती जमविणे हा आपला हेतू नसून, लोकांच्या उपयोगी पडतील अशा वनस्पतींचा साठा करून त्या सर्वत्र पसरविणे हा आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यात कंपनीच्या व्यापाराचा स्वार्थ होता हे खरे. तरी उद्यानाला आपल्या अस्तित्वाचे समर्थन द्यावे लागते, ही जाणीव त्यात होती हेही खरे. पुढे विषुववृत्ताकडील जायफळासारखी झाडे आणि थंड देशांतील फळझाडे येथे लावण्याचे प्रयत्न झाले. बंगालचा हिवाळा पहिल्यांना कोरडा आणि उन्हाळा दुसऱ्यांना असह्य; त्यामुळे बरेच प्रयत्न फसले. परंतु येथे काय वाढणार नाही हे कळणे, हेही ज्ञानच होते.

या उद्यानाच्या इतिहासात सावलीचे एक प्रकरण आहे आणि ते नीतीच्या दृष्टीने फार बोलके आहे. नॅथॅनिअल वॉलिच यांनी अनेक वर्षे खपून उद्यानात दाट वृक्षराजी वाढविली होती. १८४२ ते १८४४ या काळात ते आजारपणामुळे दूर असताना कारभार विल्यम ग्रिफिथ या तरुण आणि असामान्य बुद्धीच्या शास्त्रज्ञाकडे आला. उद्यान हे वनस्पतींच्या कुळांनुसार मांडलेले, एखाद्या ग्रंथासारखे वाचता येईल असे असावे, ही त्याची धारणा होती. त्यासाठी त्याने जुनी झाडे तोडविली, राया उठविल्या. १८४८ साली जोसेफ हूकर तेथे आला तेव्हा सावली नाहीशी झालेले ते उद्यान पाहून तो व्यथित झाला आणि आपल्या प्रवासवृत्तात त्याने त्याबद्दल कठोर शब्द लिहिले. ग्रिफिथ दुष्ट नव्हता, अज्ञानी तर नव्हताच. वनस्पतींविषयी त्याच्याइतके जाणणारी माणसे त्या काळी थोडी होती. परंतु व्यवस्थेवरील प्रेमापोटी त्याने हे दुय्यम मानले की, सावलीत जगणाऱ्या वनस्पतींना वर्गीकरण लागत नाही, सावली लागते. ज्ञान आणि आस्था यांच्यात असे अंतर पडू शकते. एखाद्या जीवाविषयी पुष्कळ जाणणे आणि त्या जीवाला काय हवे ते जाणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच सुमारास युरोपात नेच्यांचे वेड पसरत होते. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिअल वॉर्ड यांना आपल्या अंगणात नेचे लावायचे होते. पण शहरातील कोळशाच्या धुराने ते मरत. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला असता त्या मातीत एक नेचा आणि एक गवत आपोआप उगवले आणि टिकले. त्यातून काचेची बंदिस्त पेटी निघाली. या पेटीने समुद्रप्रवासात वनस्पती जिवंत ठेवणे शक्य केले. चीनमधून चहाची रोपे याच प्रकारच्या पेट्यांतून कलकत्त्याला आली आणि पुढे हिमालयात गेली. दार्जिलिंगच्या उतारांवर चहाचे मळे उभे राहिले आणि त्यासाठी जी जंगले साफ झाली, त्यांतच वृक्षनेच्यांच्या घळी होत्या. नेच्यावरील प्रेमातून निघालेल्या पेटीने नेच्याचेच घर मोडण्यास हातभार लावावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. प्रेम करणाऱ्याचा तो हेतू नव्हता. पण हेतू शुद्ध असणे एवढ्यावर नीतीचे काम भागत नाही. साधन हातातून सुटल्यावर कोठे जाते हेही पाहावे लागते.

तेव्हा वनस्पतींचे स्थलांतर हेच मुळात अनीतीचे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते टिकणार नाही. अँडीज पर्वतातील सिंकोना १८६० च्या दशकात दार्जिलिंगच्या डोंगरांत आणली गेली. शिबपूर उद्यानाचे तत्कालीन अधीक्षक टॉमस अँडरसन यांनी ते काम उभे केले. तिच्या सालीतून मिळणाऱ्या क्विनाइनने हिवतापाच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. मिरची, बटाटा, पेरू ही सारी परदेशची. त्यांच्यावाचून मराठी माणसाचे ताट पुरे होत नाही. स्थलांतर हा दोष मानला तर शेती हाच दोष मानावा लागेल. परंतु येथे दोन भेद केले पाहिजेत. पहिला, मिरची आणि बटाटा नव्या मातीत फोफावले. त्यांचा वंश वाढला. दुसरा, ती घेताना मूळ स्थानी उणीव पडली नाही. बी किंवा कंद आला, रान जागच्या जागी राहिले. वृक्षनेच्याचे उभे खोड उपटून आणताना या दोन्ही गोष्टी बिघडतात. तेथे एक उणा होतो आणि येथे एक वाढतो असेही नाही. येथे तो बहुधा काही काळ मरत राहतो.

वनस्पतीला वेदना नसते, मग तिच्याबाबतीत अन्यायाची भाषा कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. शिबपूरच्या उद्यानाला २००९ पासून ज्यांचे नाव आहे, त्या आचार्य जगदीशचंद्र बसूंनी वनस्पती बाह्य आघातांना प्रतिसाद देतात हे दाखविण्यासाठी आयुष्य वेचले. त्या प्रतिसादाला वेदना म्हणावे की नाही, हा वाद संपलेला नाही. आणि तो संपेपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. कारण अन्यायाचे मूळ केवळ वेदनेत नसते. एखाद्या जीवाला स्वतःचे असे हित असते. कशाने तो वाढतो आणि कशाने खुरटतो हे आपल्या इच्छेवर अवलंबून नसते. जेथे असे हित आहे तेथे त्याची दखल घेण्याचे कर्तव्य आहे. झोपलेल्या माणसाच्या शेतातील पाणी वळविले तर त्याला त्या क्षणी वेदना होत नाही; म्हणून ते कृत्य निर्दोष ठरत नाही.

माणूस आणि वनस्पती यांच्यातील भेद मात्र विसरता येणार नाही. १८८४ साली मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक झाले. अनेक वर्षे त्यांनी बंगालमध्ये अध्यापन केले आणि १९४६ मध्ये पुण्यात विज्ञानवर्धिनी उभी केली. आज जी संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते ती हीच. कोकणातला माणूस हुगळीकाठी रुजला. पण तो स्वेच्छेने गेला आणि स्वेच्छेने परतला. उलट पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते जर्मनीत असताना त्यांना स्थानबद्धतेत राहावे लागले. एकाच आयुष्यात परक्या भूमीवरचे हे दोन वास किती भिन्न आहेत! भूमी परकी असणे हे दुःख नव्हे. जाण्या-येण्याची वाट आपल्या हाती नसणे हे दुःख. वृक्षनेच्याला ही वाट कधीच नसते. त्याच्या वतीने निर्णय घेणारा दुसराच असतो. म्हणून त्या दुसऱ्यावरची जबाबदारी अधिक.

उद्यानाच्या बाजूने याहून वजनदार असा आक्षेप आहे. हावड्याच्या गल्लीत वाढणारे मूल दार्जिलिंगला केव्हा जाणार? ज्याने वृक्षनेचा कधी पाहिलाच नाही, त्याच्या मनात वृक्षनेच्याच्या जंगलाविषयी ममत्व कोठून येणार? शिवाय घळीच नष्ट होऊ लागल्या तर उद्यान हाच अखेरचा आश्रय ठरेल. या म्हणण्यात तथ्य आहे. उद्यानांनी काही जाती खरोखर वाचविल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत १८९५ साली सायकसच्या नात्यातील एका जातीचे एकमेव नर झाड सापडले. त्याच्या फुटव्यांपासून वाढविलेली झाडे आज जगातील अनेक उद्यानांत आहेत. पण मादी कधीच सापडली नाही. ती जात जगते आहे. तिचा संसार मात्र थांबला आहे. उद्यान जीव वाचवू शकते, जग वाचवू शकत नाही. आणि उद्यान स्वतः तरी कोठे अढळ आहे? १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी शिबपूरची वृक्षराजी उद्ध्वस्त केली. २० मे २०२० च्या अम्फान वादळाने तेथील शेकडो झाडे पुन्हा आडवी केली. अखेरचा आश्रय म्हणून उद्यान असावे. पण उद्यान आहे म्हणून घळ गेली तरी चालेल, असे मानणे म्हणजे छायाचित्र आहे म्हणून माणसाला विसरण्यासारखे आहे.

राहिला प्रश्न हावड्याच्या मुलाचा. त्याला वृक्षनेचा दाखविलाच पाहिजे, पण कोणता? कुंडीत करपलेली, कडा तपकिरी झालेली चार पाने पाहून त्याने काय शिकावे? सुंदर वस्तू उचलून आणता येते आणि वाळली की दुसरी आणता येते, हाच धडा तो घेईल. याउलट सावलीचे घर बांधून, वेली चढवून, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडून वाढविलेला लहानसा नेचा त्याला दाखविला आणि तो बीजुकांपासून किती वर्षांत एवढा झाला हे सांगितले, तर तो निराळे शिकेल. लंडनला काचघर लागते ते थंडी बाहेर ठेवण्यासाठी; कोलकात्याला छायागृह लागते ते ऊन बाहेर ठेवण्यासाठी. दोन्हीकडे तत्त्व एकच. पाहुण्याला बोलवायचे तर त्याचे हवामानही बोलवावे लागते. आणि एप्रिल-मे महिन्यांत ते शक्य होत नसेल तर पाहुण्याला न बोलावणे हाच आदर.

येथे दोन मार्गांतील भेद स्पष्ट होतो. बीजुके गोळा करून ओल्या मातीवर पेरणे, काचेखाली महिनोन्महिने हिरवी साय धरण्याची वाट पाहणे, त्यातून रोपे वेगळी करणे, हा एक मार्ग. त्यात आईला धक्का लागत नाही. खोड खणून आणणे हा दुसरा; त्यात आज रोवले की उद्या बाग सजते. फरक आहे तो प्रतीक्षेचा. पहिला मार्ग घेणाऱ्याला कदाचित आपल्या हयातीत पूर्ण वाढलेले झाड दिसणार नाही. दुसरा मार्ग घेणारा दुसऱ्याने जगलेली वर्षे विकत घेतो. हीच गोष्ट आमरीच्या छंदाची. वृक्षनेच्याच्या मुळांचे वेष्टन सच्छिद्र आणि ओल धरणारे असल्यामुळे आमरी त्यावर उत्तम वाढते. म्हणून त्याच्या खोडाचे तुकडे करून विकले जातात. ब्राझीलमधील एक वृक्षनेचा कुंड्या आणि आमरीच्या आधारांपायीच संकटग्रस्त झाला. जो माणूस आमरीच्या एका फुलासाठी हळवा होतो, त्याला ते फूल कशाच्या कलेवरावर उमलले आहे हे दिसत नाही. वृक्षनेच्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७० च्या दशकापासून कराराने नियंत्रित आहे. पण कायदा सीमेवर उभा असतो. बागेच्या फाटकाशी उभी राहते ती फक्त नीती.

या संदर्भात शिबपूरच्याच इतिहासातील एक निर्णय आठवण्यासारखा आहे. डोंगरातील वनस्पती मैदानात जगत नाहीत, हा अनुभव पुन्हा पुन्हा आल्यावर १८७८ साली दार्जिलिंग येथे, विल्यम लॉइड यांनी दिलेल्या जमिनीवर, शिबपूरची शाखा म्हणून एक उद्यान काढण्यात आले. जॉर्ज किंग तेव्हा शिबपूरचे अधीक्षक होते. या निर्णयात सोय होती, साम्राज्याची गरजही होती. त्याला संतत्व चिकटविण्याचे कारण नाही. तरीही त्यात एक शहाणपण आहे. झाडाला उद्यानाकडे ओढण्याऐवजी उद्यानच झाडाकडे गेले.

मराठी मनाला हे शहाणपण परके वाटू नये. तुकोबांनी वृक्षवेलींना सोयरे मानले आणि ते वनातच जाऊन बसले. वन उचलून देहूच्या अंगणात आणावे असे त्यांच्या मनात आले नाही. सोयरिकीचा एक शिष्टाचार असतो. सोयऱ्याकडे आपण जातो. तो आपल्याकडे येतो तेव्हा त्याचे पथ्यपाणी विचारून घेतो. आणि त्याला आपला अंगण-सोहळा मानवत नसेल तर आग्रह करीत नाही. ज्याला आपण सोयरा म्हणतो आणि ज्याला आपण संग्रहात ठेवतो, त्या दोघांशी आपले नाते एकच असू शकत नाही. उद्यानप्रेमी माणसाने यांपैकी कोणते नाते पत्करायचे हे ठरविले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

शिबपूरचा महावट आपल्या मूळ खोडावाचून उभा आहे, कारण त्याच्या पायाखालची माती त्याची आहे. दार्जिलिंगच्या किंवा पचमढीच्या घळीतील वृक्षनेचा एका कोवळ्या अंकुरावर उभा आहे आणि त्याच्या भोवतालची ओली हवा हीच त्याची माती आहे. तो बागेत आला नाही म्हणून बाग दरिद्री होत नाही. सर्वच सुंदर गोष्टी आपल्या दाराशी असल्या पाहिजेत असे नाही. काही गोष्टी दूर, त्यांच्या जागी, सुखरूप आहेत एवढे ठाऊक असणे, आणि त्या तशा राहाव्यात म्हणून आपला हात आवरणे, हेही बागकामच आहे.